तबकड्या धुताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, रेडिओवर बोलायला बोलावलंय म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, मी कविता वाचणार. पण मी बोलणार आहे धुण्याविषयी. गाण्याच्या तबकड्या धुण्याविषयी. त्यासाठी लागणारं पाणी घरी कसं तयार करायचं, ते जमेपर्यंत मी काय काय बिघडवलं आणि एक गोष्ट कायमची कशी पुसून टाकली, याविषयी. ज्यांच्या माळ्यावर अजून जुन्या रेकॉर्डी पडून आहेत त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसायला हरकत नाही. बाकीच्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल.

मी राजगुरुनगरचा. जुनी माणसं अजूनही खेडच म्हणतात. भीमेच्या काठचं गाव, हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव. सतराव्या शतकातला दिलावरखानाचा घुमट आमच्याच गावात आहे. तिथे आमच्या अब्बांची साउंड सर्व्हिस होती. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. तिच्यात आहुजाचा एक अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, एक माइक, ट्रकच्या दोन बॅटऱ्या, एक रेकॉर्ड प्लेअर आणि दोन लोखंडी ट्रंका भरून रेकॉर्डी. लग्न, बारसं, जत्रा, उरूस, गणपती, निवडणूक, कशाचीही सुपारी यायची. निमगावच्या खंडोबाची जत्रा आणि कनेरसरच्या यमाईची जत्रा या अब्बांच्या पक्क्या ठरलेल्या. सामान बैलगाडीत, नाहीतर एसटीच्या टपावर. गावात पोचलं की आधी कर्णा झाडाला बांधायचा. मग पहिली रेकॉर्ड लागायची आणि अर्ध्या कोसावरच्या वस्तीला कळायचं, मांडव पडला.

घरात आम्ही दखनी बोलायचो. मराठी मी शाळेत शिकलो हे खरं, पण माझ्या कानात ती शिरली कर्ण्यातून. गदिमांचे शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी कितीतरी वर्षं झाडावरून खाली येताना ऐकले होते. अभंग, भावगीतं, लावण्या, नाट्यपदं, सगळं एकाच ट्रंकेत, एकावर एक. पुढे बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा छंदवृत्तांचा पेपर मला सोपा गेला. त्याचं श्रेय सरांना आहेच, पण थोडं त्या कर्ण्यालाही आहे.

आता पहिल्या बिघाडाकडे येतो. साल 1984. मी पंधरा वर्षांचा. कॅसेटचा जमाना आला होता, अब्बांनीही टेप घेतला होता, तरी रेकॉर्डी अजून वापरात होत्या. ट्रंकेच्या तळाशी एक जुनी, जड, 78 फेऱ्यांची तबकडी होती. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. मिरजेचे खाँसाहेब 1937 साली गेले. त्या आधीच्या काही वर्षांत त्यांच्या ज्या तबकड्या निघाल्या त्यांतली ही एक. ही रेकॉर्ड अब्बा भाड्याच्या कामाला कधीच नेत नसत. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. वर्षातून दोन-चार वेळा, दुकान बंद करायच्या वेळेला, तेवढी ती लागायची. तिच्यावर धुळीचा राप होता, मधूनमधून करकर यायची. टेपचं हेड कापसाने स्पिरिट लावून पुसतात हे मी पाहिलं होतं. म्हटलं, हेड स्वच्छ होतं तर रेकॉर्ड का नाही होणार? अब्बा बाहेरगावी गेले होते. बाटलीतलं स्पिरिट घेतलं, कापूस घेतला आणि मनापासून घासली.

कापूस काळा झाला. मला आनंद झाला की केवढी घाण निघतेय. अजून घासलं. मग लक्षात आलं की घाण संपतच नाहीये. तबकडी उजेडात धरली तर एका बाजूची चमक गेलेली, आणि बोटाला चिकट लागतंय.

अब्बा संध्याकाळी आले. मारतील असं वाटलं होतं. त्यांनी तबकडी हातात घेतली, वास घेतला, आणि एवढंच म्हणाले, "पूछना था ना मेरेकू." मग ती फडक्यात गुंडाळून, मला बरोबर घेऊन गावातल्या सुताराकडे गेले. सुतारकाकांनी नख लावून पाहिलं, हसले, आणि कोपऱ्यातली एक बरणी पुढे ओढली. तीत तांबूस पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत पडले होते. "अवो भाई, ही तर लाखच हाय की. ह्यो चपडा. पालिश करायला आम्ही स्पिरिटातच इरघळवतो. तुमच्या पोरानं रेकार्डीचं पालिश केलं."

झालं होतं तसंच. 78च्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू असा तो लगदा असतो. गरम करून, साच्यात दाबून त्याची तबकडी होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खाँसाहेबांचा आवाज मी सुताराच्या बरणीत घातल्यासारखा घालवला होता. त्या तबकडीची दुसरी बाजू शाबूत राहिली. अब्बा पुढे ती लावत असत की नाही, मला माहीत नाही. माझ्यासमोर कधी लागली नाही.

हे लांबवून सांगितलं त्याला कारण आहे. मी पुढे जे द्रावण सांगणार आहे त्यात अल्कोहोल आहे. ते फक्त व्हिनाइलच्या तबकड्यांसाठी, म्हणजे वजनाला हलक्या, किंचित लवणाऱ्या, 33 किंवा 45 फेऱ्यांच्या एलपी आणि ईपींसाठी. लाखेच्या जड, ठिसूळ, टिचकी मारली तर खणखणणाऱ्या तबकडीला ते चुकूनही लावू नका. हे वाक्य लिहून घ्या आणि खाली रेघ मारा.

अब्बा 1996 साली गेले. दुकान त्याआधीच बंद पडलं होतं. ट्रंका माळ्यावर गेल्या आणि तिथेच राहिल्या. 2017 साली घराचं काम काढलं तेव्हा त्या खाली उतरल्या. भंगारवाला दारातच होता. ट्रंकांचा भाव त्याने लोखंडाचा सांगितला आणि आतल्या मालाचा काहीच नाही. "हे काय कामाचं?" म्हणाला. माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, ट्रंकेवर बसकण मारली आणि म्हणाली, "यह नहीं जाता." भाव तिथेच मिटला.

एकशे त्रेचाळीस रेकॉर्डी निघाल्या. बहुतेक व्हिनाइलच्या, पंधरा-सोळा लाखेच्या. सगळ्यांवर वीस-पंचवीस वर्षांची धूळ. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना ही धूळ सांगायला नको. त्यात माती आहे, टायरची पूड आहे, धूर आहे. मी एक ईपी घेतली, मऊ कापडाने कोरडी पुसली आणि लावली. गाण्यापेक्षा कडकड मोठी. पुन्हा पुसली. कडकड वाढली. अब्बाही आयुष्यभर असंच करत. सदऱ्याचं टोक धरायचं, रेकॉर्डवर गर्रकन एक फेरा मारायचा आणि सुई ठेवायची.

त्याचं उत्तर मला आपाच्या मुलाकडून मिळालं. तो चाकणला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटं जोडायच्या विभागात आहे. तिथे कामाला बसताना मनगटाला एक पट्टा बांधतात आणि त्याची तार जमिनीला जोडलेली असते. अंगावर साठलेली स्थिर वीज त्यातून निघून जाते, नाहीतर बोट लागताच नाजूक भाग जळू शकतो. मी रेकॉर्ड पुसत होतो आणि तो दारातून बघत होता. म्हणाला, "मामू, तुम्ही पुसताय म्हणूनच धूळ चिकटतेय."

लहानपणी कोरड्या केसांतून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. इथे तोच खेळ चालू असतो. व्हिनाइल हे एक प्लॅस्टिक; त्यातून वीज वाहत नाही. त्यावर कापड घासलं, किंवा कागदी पाकिटातून तबकडी सर्रकन ओढून काढली, की तिच्यावर ऋण भार बसतो. भार वाहून जायला वाट नसते म्हणून तो तिथेच बसून राहतो आणि आसपासची धूळ ओढून घेतो. पावसाळ्यात हवेच्या ओलाव्याने तो थोडा थोडा निघून जातो. शिमग्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की मात्र बघायला नको. तबकडीवर हात नेला तर हातावरचे केस उभे राहतात आणि सुई ठेवताना चट्‌ असा आवाज येतो. पावसाळा तरी बरा म्हणावं, तर त्यात बुरशी येते.

आणि धूळ बसते कुठे, तर खाचेत. एलपीची खाच आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा फारशी रुंद नसते. एका बाजूची खाच सरळ उलगडली तर चारशे मीटरच्या पुढे जाते. खेडच्या एसटी स्टँडवरून निघालात तर पाच-सहा मिनिटं चालावं लागेल एवढी. त्या सगळ्या वाटेवरून सुई जाते. जुन्या प्लेअरमध्ये तिचा भार पाच-सहा ग्रॅम असायचा. ऐकायला कमी वाटतो, पण तो सगळा एका टोकावर असतो. फाळाखाली खडा आला की कसं होतं, तसं धुळीच्या कणाचं होतं. सुई त्याला दाबत, घासत नेते आणि भिंतीवर ओरखडा उठवते. कडकड दोन प्रकारची असते. धुळीची असली तर ती धुऊन जाते. ओरखड्याची असली तर जात नाही. धुतल्याशिवाय यातली कुठली कोणती हे कळत नाही.

मग मी धुवायला लागलो. पहिल्यांदा बोअरचं पाणी आणि भांड्यांचा साबण. वाळल्यावर तबकडीवर पांढरे डाग. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की इडलीपात्राच्या बुडाला खडीसाखर जमते. तोच क्षार खाचेत जाऊन बसला. शिवाय साध्या पाण्याची अळवावरच्या पाण्यासारखी गत होते. ते थेंब धरून वर बसतं, खाचेत उतरतच नाही.

मग कुणीतरी सांगितलं की केसांच्या कंडिशनरमध्ये स्थिर वीज घालवणारं द्रव्य असतं. हे खरंच आहे. शाम्पूने केस भुरभुरतात आणि कंडिशनरने बसतात ते त्यामुळेच. बायकोची बाटली उचलली, थेंबभर पाण्यात मिसळलं आणि एक रेकॉर्ड धुतली. धूळ अजिबात चिकटेना. दोन गाणी छान वाजली. तिसऱ्याला आवाज घोगरा झाला. बघतो तर सुईच्या टोकाला पांढरा मेणासारखा गोळा. कंडिशनर वीज घालवतं खरं, पण स्वतः खाचेत राहतं. सुई साफ करायला एक संध्याकाळ गेली. बायकोने बाटलीवर माझं नाव लिहून ठेवलं ते अजून तसंच आहे.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तर थिनर वापरलं. आमच्या पट्ट्यात रंगाची कामं एवढी की प्रत्येक दोन-चार घरांत थिनरची बाटली सापडते. थिनरने व्हिनाइल खराब होतं. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात अॅसिटोन असतं, त्यानेही होतं. दोन्ही लांब ठेवा.

शेवटी जे जमलं ते असं. एक लिटर द्रावणासाठी आठशे मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या बॅटरीत घालतात ते, बॅटरीवाल्याकडे मिळतं. फिल्टरचं किंवा उकळलेलं पाणी चालत नाही; उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. त्यात दोनशे मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल. चाकणच्या पोरांना हे नाव सांगावं लागत नाही, ती त्याला आयपीए म्हणतात. सर्किट पुसायला तेच लागतं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतं. तेलकट घाण, बोटांचे ठसे आणि बुरशी त्याने सुटते आणि तबकडी लवकर वाळते. काही जण चौथा हिस्सा घालतात. मी पाचव्यावर थांबलो, कारण व्हिनाइलला अल्कोहोल किती सोसतं याबद्दल जाणकारांत एकमत नाही. ते तबकडीवर मिनिटभराहून जास्त ठेवायचं नाही, एवढं मी पाळतो.

तिसरी वस्तू थेंबांनी मोजायची. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये फिल्म धुतल्यावर शेवटच्या पाण्यात एक द्रव टाकतात, वेटिंग एजंट. त्याने पाण्याचा ताण मोडतो, थेंब न धरता पाणी सपाट पसरतं आणि फिल्मवर डाग राहत नाहीत. आमच्या गावच्या स्टुडिओवाल्याने डिजिटल कॅमेरे आल्यावर डार्करूम मोडली, तेव्हा एक अर्धी बाटली तशीच राहिली होती. ती त्याने मला दिली. लिटरला दहा-बारा थेंब, बस. ते नसेल तर बिनरंगाचा, बिनवासाचा भांड्यांचा पातळ साबण तीन-चार थेंब घाला, मात्र मग नंतर दोनदा खळबळून काढावं लागेल.

आता यात वीज घालवणारं काय आहे? सगळ्यात जास्त काम पाणीच करतं. तबकडीवर सलग ओला थर पसरला की साठलेल्या भाराला वाट मिळते. वेटिंग एजंट तो थर सलग ठेवतो आणि पाणी खाचेच्या तळापर्यंत नेतो. भाराने धरून ठेवलेली धूळ मग सैल होते. याचा अर्थ असाही की धुऊन झाल्यावर कोरड्या कापडाने जोरात घासलंत तर सगळं मुसळ केरात. भार पुन्हा बसतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ध्वनिमुद्रिका धुवायला सुचवलेल्या द्रावणात तर अल्कोहोल नाहीच. शुद्ध पाणी, त्यात टर्जिटॉल नावाच्या साबणासारख्या द्रव्याचा अंश आणि नंतर शुद्ध पाण्याने धुणं. लाखेच्या तबकड्यांना मी तसंच करतो: अल्कोहोल वगळून, नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि वेटिंग एजंटचे थेंब, भराभर, आणि लगेच टिपून कोरडं. लाखेला पाण्यात फार वेळ ठेवायचं नाही.

सावधगिरीचं सांगतो. आयपीए पेट घेतं. गॅसपाशी, उदबत्तीपाशी, विडी ओढत हे काम करू नका. खिडकी उघडी ठेवा. आणि तयार द्रावण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. दिसायला ते पाण्यासारखंच असतं आणि घरात पोरंबाळं असतात. काचेची बाटली घ्या, चिठ्ठी चिकटवा, वर ठेवा.

धुण्याची रीत सोपी आहे, पण घाईची नाही. तबकडी कडेने धरायची. आधी मऊ ब्रशने वरवरची धूळ झटकायची. टर्किश टॉवेलवर ती आडवी ठेवायची, मायक्रोफायबरचं कापड द्रावणात भिजवून खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं. आडवं कधीही नाही. अर्धा मिनिट थांबायचं. स्वच्छ कापडाने टिपायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा तेच. सुती धोतराचं फडकं मऊ असलं तरी तंतू सोडतं, म्हणून नको. वाळवायला मला सगळ्यात चांगली वस्तू सापडली ती स्वयंपाकघरात. ताटाळं. ताटांच्या जागी तबकड्या उभ्या ठेवल्या की एकमेकींना लागत नाहीत आणि पाणी निथळतं. पंखा लावायचा नाही, तो धूळ आणतो. वाळल्यावर जुन्या पाकिटात घालायच्या नाहीत, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा त्याच धुळीत जाते. नवं पाकीट घ्या आणि जुनं बाजूला जपून ठेवा.

ते जपून ठेवा का म्हणतोय, तेही सांगतो.

अब्बांना एक सवय होती. कुठल्या गावाला कोणती रेकॉर्ड वाजली, हे ते रेकॉर्डच्या पाकिटावर लिहून ठेवत. हिशोबासाठी असेल, किंवा त्या गावात पुढच्या वेळी काय न्यायचं हे लक्षात राहावं म्हणून. गाव, महिना, साल आणि ज्याचं काम त्याची एखादी खूण. पाकीट फाटलेलं असेल तर मधल्या कागदी लेबलावरच लिहीत. लिहायचे कॉपिंग पेन्सिलीने. पूर्वी एसटीचे कंडक्टर, पोस्टमन वापरत ती. कोरडी असताना करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होते. जिभेला लावून लिहायची आणि जीभ जांभळी करून घ्यायची हा आमच्या पिढीचा उद्योग होता.

तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. द्रावण जमल्याच्या आनंदात मी एका दिवशी सात रेकॉर्डी धुतल्या. लेबल झाकायचं असतं हे मी कुठे ऐकलं नव्हतं. सहाव्या रेकॉर्डच्या लेबलावर बारीक अक्षरांच्या दोन ओळी होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. वाचल्या नव्हत्या. कापड फिरवलं आणि लेबल जांभळं झालं. टिपायला गेलो तर कागदावर शाईसारखा एक ढग राहिला. उन्हात धरून, भिंग लावून पाहिलं. पहिलं अक्षर 'क' असावं. कडूस असेल, कनेरसर असेल, कुरुळी असेल. आपाला विचारलं. तिने नुसती मान हलवली.

त्या रेकॉर्डचा आवाज आता स्वच्छ आहे. मी ती फारशी लावत नाही.

त्यानंतर आठवडाभर धुणं बंद. आपा चष्मा लावून बसली, कारण अब्बांचं अक्षर तिच्याइतकं कुणाला लागत नाही. चौथीपर्यंतची त्यांची मराठी, त्यात काने-मात्रे अर्धेच. ती वाचायची, भाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि मी वहीत उतरवायचो. वाडा, डेहणे, चास, कडूस, दावडी, शेलपिंपळगाव. आणि मग महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी. ही शेवटची चार नावं भाचा रोज कामाला जाताना बसमधून बघतो. 'खराबवाडी, मे 75, आंब्याखाली' असं एका पाकिटावर आहे. त्याने विचारलं, "मामू, तिथे आंबा कुठे होता?" मी अंदाजाने सांगितलं. तो म्हणाला, तिथे तर ट्रक लागतात. एकशे त्रेचाळीस रेकॉर्डींवर मिळून एकसष्ट गावं निघाली. एक लेबल जांभळं गेलं नसतं तर कदाचित बासष्ट.

आता लेबलावर स्टीलची छोटी वाटी पालथी ठेवतो, तिच्या काठाला रबराची चकती लावली आहे. काठाशी पाणी जाऊ नये म्हणून कापड भिजवून पिळतो. जिथे लेबलभर लिहिलंय ती रेकॉर्ड आतल्या दोन बोटांएवढी जागा सोडून धुतो. शेवटच्या गाण्यात थोडी कडकड राहते. राहू द्यावी असं मी ठरवलं आहे. मुंबईत 1990 साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था निघाली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. ही जाणकार मंडळी तबकडीचा क्रमांक, साल, कंपनी यांची काटेकोर नोंद ठेवतात. माझ्या ट्रंकेत त्यांच्या दृष्टीने दुर्मीळ असं फार थोडं असेल. दुकानोदुकानी विकल्या गेलेल्या रेकॉर्डी आहेत या. कॉपिंग पेन्सिलीची रेघ मात्र फक्त इथल्याच रेकॉर्डींवर आहे.

या वहीची बातमी गावात कशी पसरली कोण जाणे. 2018च्या दिवाळीनंतर एक निवृत्त गुरुजी आले. बरोबर त्यांच्या मंडळी. प्राथमिक शाळेत दोघांनी नोकरी केलेली. गुरुजी म्हणाले, "भाईंनी आमच्या लग्नात सनई लावली होती. चासला. त्र्याहत्तर साली. आहे का बघा." वहीत पाहिलं. 'चास, मे 73, मास्तर' अशी नोंद होती. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची ईपी. तोपर्यंत ती धुतली नव्हती.

मी म्हटलं, गुरुजी, आठ दिवस द्या. म्हणाले, आठ कशाला, आम्ही बसतो की.

मग त्यांच्यासमोरच धुतली. वाटी पालथी घातली, कापड पिळलं, गोल फिरवलं. पाणी मातकट निघालं. बाई बघत होत्या. "आमच्या चासची माती असंल थोडी," म्हणाल्या. नुसत्या पाण्याने काढली, ताटाळ्यात ठेवली. चहा झाला. पाऊण तासाने प्लेअरवर चढवली. हात आखडूनच सुई ठेवली. आधी आतली किंचित घरघर आणि मग सनई. इतकी स्वच्छ मी माझ्याही लहानपणी ऐकली नव्हती, कारण तेव्हा ती कर्ण्यातून यायची. गुरुजी डोळे मिटून बसले.

दीड-एक मिनिट झालं असेल, आणि सुई अडकली. एकच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. खोल ओरखडा, धुऊन जाणारा नव्हे. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. मी उठणार तेवढ्यात बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. गुरुजींनी डोळे उघडले आणि तेही हसायला लागले.

"तिथंच अडकली बघा," बाई म्हणाल्या. "अंतरपाट धरलेला, भटजी 'शुभमंगल'ला आलेले, अन् सनई अडकली. सगळा मांडव हसला. माझे मामा चिडले. तुमचे वडील पळत आले अन् बोटानं पुढं सरकवली."

मी बोटाने सुई पुढे सरकवली. सनई पुढे सुरू झाली. संपल्यावर गुरुजी म्हणाले, पुन्हा एकदा लावता का? सुरुवातीपासून. मी पुन्हा लावली, आणि त्या जागेपाशी येईपर्यंत आम्ही तिघंही गप्प बसून राहिलो.